नवा फोन पहिल्या दिवशी झकासच वाटतो, मग दोन वर्षांनी अंगणवाडी सेविकांनी तो परत का केला?

गोंदियाच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात एक दृश्य हमखास दिसतं. काउंटरवर डबा उघडला जातो, स्क्रीनवरचं प्लास्टिक निघतं. सोबत आलेल्या मित्रांपैकी एक जण फोन हातात घेऊन वजन जोखतो, दुसरा लगेच सेल्फी काढतो आणि तिसरा म्हणतो, "भारी आहे ना बे!" दहा मिनिटांत निकाल लागतो. फोन फास्ट आहे, फोटो मस्त येतात, आवाज दणदणीत आहे. पैसे वसूल.

गंमत म्हणजे हा निकाल जवळपास प्रत्येक नव्या फोनबद्दल असाच लागतो, मग तो सात हजारांचा असो नाहीतर सत्तर हजारांचा. पहिल्या दिवशी वाईट वाटणारा फोन शोधूनही सापडायचा नाही. कारण पहिल्या दिवशी आपण जो फोन बघतो तो रिकामा असतो, थंड असतो, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली असतो आणि बहुतेक वेळा दुकानाच्या वायफायवर असतो. आपण तो वापरणार असतो भरलेला, तापलेला, उन्हात आणि मिळेल त्या नेटवर्कवर.

या दोन फोनांमध्ये किती फरक पडू शकतो याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण अंगणवाडीत सापडतं.

एक लाखाहून जास्त फोन, एकच मॉडेल

८ मार्च २०१८ रोजी राजस्थानातल्या झुंझुनू इथून राष्ट्रीय पोषण अभियान सुरू झालं. लहान मुलांचं वजन, उंची, लसीकरण, गरोदर मातांची नोंद, आहाराचं वाटप हे सगळं अंगणवाडी सेविका तोवर अकरा वेगवेगळ्या रजिस्टरांमध्ये लिहीत होत्या. ते फोनवर आणायचं ठरलं. त्यासाठी 'आयसीडीएस-कॅस' नावाचं अ‍ॅप आलं आणि राज्यांनी सेविकांसाठी फोन घेतले.

महाराष्ट्रात अंगणवाड्या एक लाखाहून अधिक. त्यामुळे खरेदीही तशीच मोठी झाली. २०१९ मध्ये राज्यातल्या सेविकांच्या हातात जो फोन आला तो होता पॅनासॉनिकचा एलुगा आय ७. रॅम २ जीबी, स्टोरेज १६ जीबी, बॅटरी ४००० एमएएच. खरेदीच्या दरावरून तेव्हा विरोधकांनी आरोप केले, सरकारने ते फेटाळले. तो वेगळा विषय. इथे मुद्दा फोनचा आहे.

डबा उघडला त्या दिवशी तक्रार करण्यासारखं फारसं काही नव्हतं. अनेक सेविकांसाठी तर तो घरातला पहिलाच स्वतःचा स्मार्टफोन असणार. मोठी स्क्रीन, चालणारा कॅमेरा, दिवसभर पुरणारी बॅटरी. रजिस्टरांचा गठ्ठा सांभाळण्यापेक्षा हे बरंच की.

पुढे १ मार्च २०२१ रोजी केंद्राने जुनं अ‍ॅप बाजूला ठेवून 'पोषण ट्रॅकर' आणलं. फोन मात्र तोच राहिला. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरात एक अजब आंदोलन सुरू झालं. सेविका प्रकल्प कार्यालयांत जाऊन सरकारने दिलेले फोन परत करू लागल्या. 'मोबाइल वापसी' असंच त्याला नाव पडलं. तक्रारी साध्या होत्या : फोन हँग होतो, तापतो, जागा पुरत नाही, अ‍ॅप नीट चालत नाही, वॉरंटी संपली आणि दुरुस्तीचा खर्च आमच्याच खिशातून जातो. वर अ‍ॅप इंग्रजीत. आमच्या स्वतःच्या फोनवर हे अ‍ॅप घ्या असा आग्रह आम्हाला नको, हाही एक मुद्दा होता.

यात गमावण्यासारखं बरंच होतं. अ‍ॅपवरच्या कामगिरीशी सेविकेचा महिना ५०० रुपये प्रोत्साहन भत्ता जोडलेला. आणि नोंद चढली नाही, तर सरकारच्या हिशेबात ते मूल मोजलंच गेलं नाही, असा त्याचा अर्थ. फोन अडकला की बाळाचं वजन काट्यावर दिसतं, पण सरकारला दिसत नाही.

मग दोन वर्षांत फोनला झालं तरी काय? खरं तर विशेष काहीच नाही. तो फक्त भरला.

डब्यावरचे जीबी आणि हातातले जीबी

स्टोरेजचा आकडा हा डब्यावरचा सगळ्यात फसवा आकडा. कंपनी १६ जीबी म्हणते तेव्हा ती हजाराच्या पटीत मोजते. संगणकाच्या जुन्या हिशेबात एक जीबी म्हणजे १०२४ एमबी. त्या हिशेबाने १६ चे १४.९ होतात. हा भाग तसा किरकोळ. खरी जागा खाते ती अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच टाकून दिलेली अ‍ॅप्स. १६ जीबीच्या फोनमध्ये यातच कित्येक जीबी जातात. उरलेल्या जागेत सगळा संसार. व्हॉट्सअ‍ॅपवरचे 'शुभ सकाळ', कार्यालयाच्या ग्रुपवरची पीडीएफ, गृहभेटीचे फोटो, मुलांच्या ऑनलाइन शाळेचे व्हिडिओ (२०२० आणि २०२१ आठवा), आणि दर काही आठवड्यांनी आधीपेक्षा जड होऊन येणारे अ‍ॅपचे अपडेट.

आता भरलेला फोन संथ का होतो, ते गोंदियाच्या भाषेत सांगता येईल. इथे राइस मिल आणि धानाची गोदामं कुणाला नवी नाहीत. समजा एका गोदामाचा नियम असा आहे, की पोती एकेक करून आत ठेवता येतील, पण बाहेर काढायची तर अख्खी थप्पीच काढावी लागेल. गोदाम रिकामं असताना काहीच अडचण नाही. नवं पोतं आलं, की मोकळ्या जागेत टाकलं. पण गोदाम भरत आलं की पंचाईत. थप्पीत चार पोती निकामी आहेत, बाकीची चांगली आहेत. मग आधी चांगली पोती उचलून दुसरीकडे ठेवा, मग ती थप्पी रिकामी करा, मग नवं पोतं आत घ्या. एका पोत्यासाठी वीस पोत्यांची हमाली.

फोनमधली फ्लॅश मेमरी अगदी अशीच चालते. ती लिहिते लहान लहान तुकड्यांत, पण पुसते मोठ्या गठ्ठ्यांत. रिकाम्या फोनला ही हमाली करावीच लागत नाही, म्हणून तो पहिल्या दिवशी वाऱ्यासारखा पळतो. ऐंशी-नव्वद टक्के भरलेल्या फोनमध्ये प्रत्येक फोटो साठवताना पडद्यामागे उचलाउचल सुरू असते. स्वस्त फोनमध्ये 'ईएमएमसी' प्रकारची मेमरी असते, महागात 'यूएफएस'. पहिलीत वाचणं आणि लिहिणं एकाच वेळी होत नाही, दुसरीत होतं. डब्याच्या पुढच्या बाजूला हे सहसा ठळक छापलेलं नसतं. ऑनलाइन माहितीत खाली कुठेतरी सापडतं. पण कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा हा एक शब्द जास्त कामाचा आहे.

रॅमचं तसंच. रॅम म्हणजे कामाचा ओटा. ओटा लहान असला की कढई ठेवायला परात उतरवावी लागते. २ जीबीच्या ओट्यावर पोषण ट्रॅकर उघडलं, मध्येच फोन आला, परत अ‍ॅपवर गेलं, तर अँड्रॉइडने ते बंद करून टाकलेलं असतं. अर्धी भरलेली माहिती गेली, पुन्हा पहिल्यापासून. अ‍ॅप खराब आहे असं वाटतं. खरं तर जागाच नसते. आजकाल '८ जीबी अधिक ८ जीबी' अशी जाहिरात दिसते. त्यातले दुसरे ८ हे स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. ओटा पुरेना म्हणून मागच्या खोलीतल्या कपाटाला ओटा म्हणण्याचा प्रकार. चालतं, पण ये-जा करावी लागते.

तिसरी गोष्ट वयाची. एलुगा आय ७ बाजारात आला २०१८ मध्ये, अँड्रॉइड ७ घेऊन. पोषण ट्रॅकर आलं तेव्हा गुगलचं अँड्रॉइड ११ बाहेर पडून काही महिने झाले होते. फोन दुकानात नवा असतो, पण त्याचं सॉफ्टवेअर किती जुनं आहे आणि पुढे किती वर्षं अपडेट मिळणार, हे चकाकीवरून कळत नाही. युरोपियन संघाने यावर सरळ कायदाच केला. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनसाठी दीर्घकाळ अपडेट देणं बंधनकारक आहे आणि ८०० वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीत किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. आपल्याकडे हे आकडे खरेदीदारालाच विचारून घ्यावे लागतात.

म्हणजे नवा फोन जोखायचा तर तो आधी भरा. जुन्या फोनमधली सगळी अ‍ॅप्स आणि फोटो पहिल्याच दिवशी नव्यात घ्या. व्हॉट्सअ‍ॅपचा पूर्ण बॅकअप उतरवा. मग रोजची चार-पाच अ‍ॅप्स एकामागून एक उघडा आणि पहिल्यावर परत या. ते जिथे सोडलं तिथेच आहे की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतंय? रिकाम्या फोनवर गेम खेळून बघण्यापेक्षा हे पाच मिनिटांचं काम जास्त सांगून जातं.

दुकानातला उजेड आणि बांधीतला उजेड

दुकानात साधारण पाचशे लक्सच्या आसपास उजेड असतो. भर दुपारच्या उन्हात तोच आकडा एक लाखाच्या घरात जातो. म्हणजे दोनशे पट. दुकानात डोळ्यांत भरणारी स्क्रीन बाहेर आल्यावर आरसा का होते, याचं उत्तर या एका गुणोत्तरात आहे.

शहरात हा प्रश्न रस्ता ओलांडण्यापुरता असतो. गोंदिया जिल्ह्यात तो पोटापाण्याचा होतो. हा धानाचा जिल्हा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः अ‍ॅपवरून करायची असं ठरलं. त्यासाठी शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि फोनने जागा बरोबर पकडायची. आधारभूत किमतीला धान विकताना ही नोंद लागते. आता बांधीत चिखलात उभं राहून, डोक्यावर ऊन घेऊन ज्याला स्क्रीनवरचं बटणच दिसत नाही, त्याला दुकानातला रंगीबेरंगी डेमो व्हिडिओ काय उपयोगाचा?

जाहिरातीत स्क्रीनच्या उजेडासाठी 'निट्स' असा आकडा देतात. त्यातही मेख आहे. मोठा छापलेला 'पीक' आकडा बहुतेकदा स्क्रीनच्या छोट्या तुकड्यापुरता आणि थोड्या वेळापुरता असतो. पूर्ण स्क्रीन उन्हात किती उजळते, तो आकडा वेगळा. आकड्यांच्या नादी लागण्यापेक्षा दुकानदाराला सांगून फोन दाराबाहेर उन्हात न्यावा आणि एखादा मेसेज टाइप करून बघावा. नकाशा उघडून निळा ठिपका आपल्या जागेवर यायला किती वेळ लागतो, तेही तिथेच पाहून घ्यावं. दुकानदार थोडा वैतागेल, पण नाही म्हणणार नाही.

उन्हाबरोबर ताप येतो. मे महिन्यात गोंदियाचा पारा ४४-४५ अंशांवर जाणं नवलाचं नाही. अ‍ॅपल आपल्या फोनसाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंशांदरम्यान असावं असं सांगते आणि बाकीच्या कंपन्यांचे सल्लेही साधारण याच्या आसपासचे असतात. म्हणजे विदर्भातला अर्धा उन्हाळा फोनच्या पुस्तकी मर्यादेबाहेरच जातो. फोन फार तापला की तो स्वतःला वाचवतो : स्क्रीन मंद करतो, प्रोसेसरचा वेग कमी करतो, चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो. दिवाळीत घेतलेला फोन मे महिन्यात 'बिघडला' असं वाटतं, तेव्हा बऱ्याचदा तो फक्त दम खात असतो. पण लिथियम-आयन बॅटरीचं नुकसान मात्र खरंच होतं. पूर्ण चार्ज आणि वर उष्णता, ही जोडी तिला सर्वात जास्त झिजवते. टिनाच्या छपराखाली उशीजवळ रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन त्यामुळे लवकर म्हातारा होतो. नव्या बऱ्याच फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय सेटिंगमध्ये असते. उन्हाळ्यापुरती तरी ती लावून ठेवायला हरकत नाही.

बॅटरीवर मात्र पहिल्या दिवशी अन्याय होतो

सगळ्याच पहिल्या समजुती फोनच्या बाजूने नसतात. नवा फोन घेतल्याच्या रात्री अनेकांची एकच ओरड असते : बॅटरी भसाभस उतरतेय! ही चूक सहसा फोनची नसते. पहिले दोन-तीन दिवस फोन पडद्यामागे राबत असतो. अ‍ॅप्स अपडेट होतात, हजारो फोटो उतरवले जातात, त्यातले चेहरे ओळखून याद्या तयार होतात, सॉफ्टवेअरचं मोठं अपडेट येतं. शिवाय नवीन आहे म्हणून आपणही तो खाली ठेवत नाही. त्यामुळे बॅटरीचा निकाल किमान आठवडाभर राखून ठेवावा.

ज्यांना घाईच आहे त्यांच्यासाठी गोंदियात एक खास चाचणी उपलब्ध आहे : महाराष्ट्र एक्स्प्रेस. गोंदिया ते कोल्हापूर, तेराशे किलोमीटरहून जास्त अंतर, एका दिवसाहून जास्त वेळ आणि सगळा प्रवास जवळपास एकाच राज्यात. स्लीपर डब्यात चार्जिंगचा एक पॉइंट आणि त्यावर पाच जणांचा डोळा. पुण्यापर्यंत फोन जिवंत राहिला तर बॅटरी चांगली, असं खुशाल समजावं.

'आर' दिसला की घाबरू नका

गोंदियात नव्या फोनबद्दलची एक तक्रार अशी आहे, जी पुण्या-मुंबईच्या रिव्ह्यूमध्ये कधीच येणार नाही. दुकानात इंटरनेट सुसाट चालत होतं, गावी गेल्यावर बंद.

याचं कारण नकाशात आहे. जिल्ह्याच्या उत्तरेला मध्य प्रदेशातला बालाघाट आणि पूर्वेला छत्तीसगड. दूरसंचाराच्या हिशेबात महाराष्ट्र-गोवा हे एक सर्कल आणि मध्य प्रदेश-छत्तीसगड हे दुसरं. टॉवरच्या लहरींना राज्याची हद्द कळत नाही. सालेकसा, देवरी किंवा बालाघाट रस्त्यावरच्या गावांत फोन कधी या सर्कलचा टॉवर पकडतो, कधी पलीकडचा. पलीकडचा पकडला की फोनच्या दृष्टीने तुम्ही रोमिंगमध्ये असता आणि सिग्नलजवळ बारीक 'आर' दिसतो. देशातल्या रोमिंगला आता बहुतेक प्लॅनमध्ये वेगळे पैसे पडत नाहीत. पण अनेक नव्या फोनमध्ये 'डेटा रोमिंग' हे बटण मुळातच बंद असतं. मग कॉल लागतो, डेटा चालत नाही, आणि माणूस बसचं भाडं खर्चून दुकानात परत येतो. दुकानात आल्यावर तो अर्थातच चालू होतो! सेटिंगमध्ये जाऊन सिमकार्डच्या पानावर डेटा रोमिंग चालू केलं, की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. परदेशात जाताना मात्र तेच बटण आठवणीने बंद करायचं, नाहीतर बिल बघून घाम फुटतो.

जंगलातल्या गावांचा प्रश्न आणखी वेगळा. नवेगाव आणि नागझिऱ्याच्या आजूबाजूला टॉवर लांब लांब आहेत. इथे कोणत्या लहरीवर नेटवर्क येतं, याला महत्त्व आहे. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, झाडी आणि भिंती बऱ्यापैकी पार करतात. २३०० किंवा ३५०० च्या लहरी वेग जास्त देतात, पण दमतात लवकर. फाइव्ह-जीचा तो सुसाट वेग बहुतेक या वरच्या लहरींचा असतो, म्हणून तो शहरात दिसतो आणि आडगावात दिसत नाही. बीएसएनएलने स्वदेशी तंत्रज्ञानाचं फोर-जी उभारलं, त्याचं राष्ट्रीय उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातल्या झारसुगुडा इथे झालं. त्यात ७०० मेगाहर्ट्झची लहर, म्हणजे 'बँड २८', महत्त्वाची आहे. गावात बीएसएनएलशिवाय दुसरं काही पोहोचत नसेल तर नव्या फोनच्या यादीत बँड २८ आहे ना, हे बघून घ्यावं. जुन्या, परदेशातून आलेल्या किंवा सेकंडहँड फोनमध्ये हा बँड नसू शकतो.

आणि सिग्नल कमकुवत असला की फोन टॉवरला ओरडून हाका मारतो. म्हणजे जास्त ताकदीने लहरी सोडतो. त्यात बॅटरी जाते. गोंदिया शहरात दीड दिवस चालणारा फोन अर्जुनी मोरगावच्या एखाद्या जंगलपट्टीतल्या गावात संध्याकाळीच मान टाकतो, ते यामुळे.

आपली भाषा दिसते का?

पोषण ट्रॅकरवरचा एक मोठा आक्षेप इंग्रजीचा होता. पुढे त्यात मराठीसह अनेक भाषा आल्या. पण नव्या फोनची भाषा तपासायची असते, हे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. मराठी कळफलक, बोलून टाइप करणं, अक्षरं मोठी केल्यावर जोडाक्षरं तुटतात का, हे दोन मिनिटांत कळतं. घरातल्या ज्या माणसासाठी फोन घेतोय त्याच्याच हातून ते करून घ्यावं.

गोंदियासाठी आणखी एक चाचणी आहे. या जिल्ह्यात गोंडी बोलणारी कुटुंबं आहेत. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातले मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. ही मसराम गोंडी लिपी युनिकोडमध्ये आली २०१७ मध्ये, म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी. तेलंगणातल्या गुंजाळा गावातल्या हस्तलिखितांमधून पुढे आलेली दुसरी गोंडी लिपी २०१८ मध्ये आली. पण युनिकोडमध्ये अक्षराला क्रमांक मिळणं वेगळं आणि फोनमध्ये त्या अक्षराचा फॉन्ट असणं वेगळं. फॉन्ट नसेल तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. कुणाकडून मसराम गोंडीतला एखादा मेसेज मागवून नव्या फोनवर उघडून बघा. अक्षरं आली की चौकोन, हे पहिल्या नजरेत कळतं आणि इथे पहिली नजर फसवत नाही.

बिल, डबा आणि पंधरा आकडे

कंटाळवाणा भाग, पण लागतो. फोनवर *#०६# डायल केलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो. तो डब्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरशी जुळला पाहिजे. सेकंडहँड घेताना तर हे करायलाच हवं. इंग्रजीत 'केवायएम' टाइप करून जागा सोडा, पुढे तो नंबर लिहा आणि १४४२२ वर एसएमएस पाठवा. फोन काळ्या यादीत किंवा बनावट नंबरचा असेल तर उत्तरात कळतं. संचार साथी पोर्टलवरही ही सोय मे २०२३ पासून आहे.

बिल पक्कं घ्या. मोबाइलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. बिलाशिवाय 'थोडं कमी करून देतो' म्हणणारा दुकानदार तो कर वाचवत असतो आणि तुमची वॉरंटी घालवत असतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. घेण्याआधी त्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर गोंदियात आहे की नागपूरला जावं लागेल, हेही विचारावं. सव्वाशे किलोमीटरवर जाऊन, फोन जमा करून, पुन्हा आणायला जायचं म्हणजे दोन दिवसांची रोजी बुडाली. स्वस्त फोनच्या किमतीत हा खर्च कुणी धरत नाही. सेविकांच्या फोनबाबत तो नेमका इथेच उलटला.

सेविकांच्या फोनचं पुढे काय?

२० फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झालेल्या संपात मानधनवाढीसोबत नवे फोन ही मागणी होतीच. सरकारने नवे फोन देण्याचं मान्य केलं. दरम्यान फोनवरचं काम मात्र वाढत गेलं. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहाराच्या वाटपासाठी चेहरा ओळखण्याची पद्धत सक्तीची झाली. आधी लाभार्थीचं आधारवरून ई-केवायसी करायचं, त्यासाठी तिच्या मोबाइलवर ओटीपी यायला हवा. मग दर वेळी आहार देताना सेविकेने फोनच्या कॅमेऱ्यात तिचा चेहरा टिपायचा आणि तो नोंदीतल्या चेहऱ्याशी जुळायला हवा.

या एका कामात फोनचं सगळंच पणाला लागतं. कॅमेऱ्याला अंगणवाडीच्या अंधाऱ्या खोलीत चेहरा दिसला पाहिजे, आणि बाहेर ओसरीवर आलं तर मागून येणाऱ्या उन्हातही दिसला पाहिजे. चेहरा जुळवताना अ‍ॅप मध्येच बंद पडता कामा नये, म्हणजे रॅम हवी. फोटो साठवायला जागा हवी. जुळवणी पूर्ण व्हायला नेटवर्क हवं. आणि रांगेतल्या शेवटच्या बाईपर्यंत बॅटरी टिकली पाहिजे. ती बाई मजुरी सोडून, कडेवर मूल घेऊन आलेली असते. फोनने तिला ओळखलं नाही तर सेविका तिला थोडं उजेडात सरकायला सांगते, पदर मागे घ्यायला सांगते आणि पुन्हा एकदा बटण दाबते.